रेषेपाशी झोपणारा पैलवान

फिंटनला मान नव्हती. म्हणजे शरीरशास्त्राप्रमाणे असणारच, पण बघणाऱ्याला ती दिसत नसे. खांदे संपले की थेट कान सुरू होत. आणि कान तरी कसले! वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांवर घासून त्यांचा पार चोळामोळा झालेला. तळताना फुटलेल्या करंज्या दिसतात तसे ते दिसत. आम्ही इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या घरात राहायला गेलो त्या दिवशी माझ्या नवऱ्याने, संजयने, त्याला कुंपणावरून पाहिलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. "माधवी, शेजारी बाउन्सर राहतोय. एजंटने हे सांगितलं नव्हतं."

तो बाउन्सर नव्हता, रग्बी खेळाडू होता. आयर्लंडमधल्या टिपररीचा, दुधाच्या गाई पाळणाऱ्या घरातला, आणि लंडनजवळच्या एका क्लबकडून पगारावर खेळणारा. हे त्याने आम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं, आमचं वॉशिंग मशीन कडेवर घेऊन. डिलिव्हरीवाला ते फुटपाथवर ठेवून निघून गेला होता आणि संजय, पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे, ते कुठून उचलायचं हे मॅन्युअलमध्ये शोधत होता. फिंटन आला, "व्हेअर डू यू वॉन्ट हर?" एवढंच म्हणाला आणि मशीन स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. मी थँक यू, थँक यू करत राहिले तर म्हणाला, "आह, ग्रँड."

हा त्याचा लाडका शब्द. बाहेर धो धो पाऊस आणि हवा कशी आहे म्हणून विचारा, ग्रँड. नाक मोडून घरी आला तरी ग्रँड. एकदा करंगळी भलत्याच दिशेला वळलेली, अशा हाताने दूध मागायला आला. मी किंचाळले. तो करंगळीकडे जरा कौतुकाने बघून म्हणाला, "आह नो, इट्स ग्रँड. इट डझ दॅट." पुढे पुढे मला त्यातले प्रकार कळायला लागले. लांबवलेला 'ग्रँऽऽड' म्हणजे खरोखर मजेत. तुटक 'ग्रँड' म्हणजे दुखतंय. आणि 'आह, ग्रँड' म्हणजे बाई, आता विषय बदल.

रग्बीत जे पळतात त्यांचे फोटो पेपरात येतात. फिंटन पळणाऱ्यांतला नव्हता, तो प्रॉप होता. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी कंबरेत वाकून, डोकी एकमेकांच्या खांद्यांत अडकवून भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. मधे चेंडू सोडला की रेटायचं. फिंटन पुढच्या रांगेत, उजव्या टोकाला. मागच्यांचा जोर आणि पुढच्यांचा विरोध हे दोन्ही त्याच्या त्या न दिसणाऱ्या मानेतून जायचं. "म्हणजे तू नक्की करतोस काय?" असं संजयने विचारलं, तेव्हा तो विचार करून म्हणाला, "मी पडत नाही. तेच माझं काम."

त्याचं काम आम्ही अगदी जवळून पाहिलं ते बर्फात. एका सकाळी आमची मायक्रा रस्त्याच्या कडेला रुतून बसली. संजयला ऑफिस गाठायचं होतं. फिंटन चप्पल आणि हाफ पँटवर बाहेर आला, डिकीमागे जाऊन कंबरेत वाकला, आणि तसाच थांबला. आम्ही वाट बघतोय, तो हलेना.

"संजय," खालून आवाज आला, "यू हॅव टू कॉल इट."

"कॉल व्हॉट?"

"क्राउच, टच, पॉज, एंगेज. रेफरी म्हणतो तसं. त्याशिवाय माझे पाय सुरू होत नाहीत."

स्टिअरिंगवरचा संजय खिडकीतून डोकं काढून, मीटिंगमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाला, "ओके, सो, क्राउच. टच. पॉज. अँड... एंगेज?" 'एंगेज' म्हणताना हँडब्रेक सोडला, पण पाय ब्रेकवर ठेवला नाही, ही त्याची चूक. गाडी बर्फातून निघाली, रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या मिसेस पामर बाईंच्या कुंपणात नाक खुपसून थांबली. त्या पडदा सारून बघत होत्या. "ग्रँड, मिसेस पामर!" फिंटनने हात हलवला.

मैत्री पक्की झाली ती चहामुळे. इंग्रज माणूस गरम पाण्याला चहाची पुडी नुसती दाखवतो, हे फिंटनचं जुनं दुःख. माझा आलं घालून उकळलेला, काळपट चहा त्याने प्यायला आणि डोळे मिटले. "धिस इज टी," म्हणाला. तेव्हापासून मॅच झाली की तो घरी जायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागला. बसायची खुर्ची ठरलेली होती, कारण बाकीच्यांचे पाय त्याने वाकवले होते.

आणि तिथेच त्याचा फोन वाजे. त्याची आई, मॅम. मॅच संपून तो जेमतेम गाडी लावतोय तोवर तिचा फोन आलाच समजा. संभाषण इतकं ठरलेलं की मला पाठ झालं होतं.

"डिड यू स्कोअर, फिंटन?"

"नो, मॅम."

"आह वेल. नेक्स्ट वीक, प्लीज गॉड."

संपलं. बाई पुढे एक अक्षर विचारत नसे. मी एकदा हसले तर फिंटन जरा ओशाळला. चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपर्यंत पोचायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. त्यासाठीच हा सगळा खेळ. फिंटनच्या सगळ्या कारकिर्दीत एकही ट्राय नव्हता. "मॅमला रग्बीतलं दुसरं काही कळत नाही," तो कपात बघत म्हणाला. "टीव्हीवर लागली तरी बघत नाही. गाईंकडे जाऊन बसते. तिला फक्त विचारता येतं, स्कोअर केलास का? आणि मी आजवर एकदाही येस म्हणालो नाहीये." त्याला ते एक येस म्हणायचं होतं. बाकी त्याला आयुष्यात काही नको होतं, एक जास्तीचं थालीपीठ सोडलं तर.

त्या दिवाळीला माझे सासरे आले. अप्पा. इस्लामपूरच्या शाळेत पीटीचे मास्तर होते, आणि तरुणपणी कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेले. हीथ्रोवर उतरल्यापासून त्यांनी कानाला जो मफलर बांधला तो परत जाईपर्यंत सोडला नाही. फिंटनला बघितल्या बघितल्या त्यांनी त्याच्या दंडावर थाप मारली आणि मला म्हणाले, "सूनबाई, ह्यो पैलवान आपल्याकडं असता तर खुराकाला गाव पुरलं नसतं." तेव्हापासून फिंटन त्यांचा पैलवान झाला. आणि फिंटन त्यांना अप्पा म्हणे, अगदी खर्जात.

आम्ही अप्पांना मॅचला नेलं. ते कमालीचे अस्वस्थ झाले. फिंटन चेंडू घेऊन रेषेपासून हातभर अंतरावर पोचला होता, अंगावर चौघं पडले आणि तो चेंडू पोटाशी घेऊन पालथा झाला. झालं! चहाला आल्यावर अप्पांनी त्याला उभं केलं.

"पैलवान! लाइन हिअर. यू हिअर. व्हाय स्लीप?"

"ते माझ्या अंगावर होते, अप्पा."

"सो व्हॉट? कबड्डीत सात जण अंगावर असत्यात! दम सोडायचा न्हाई, हात सोडायचा. हँड, लाँग! लाँगर!" आणि अप्पांनी स्वयंपाकघरातल्या लिनोलियमच्या फरशीवर पालथं पडून हात लांबवून दाखवला. त्यांना उठवायला फिंटनच लागला.

पुढचे कित्येक रविवार आमच्या मागच्या अंगणात तालीम चालली. कपडे वाळत घालायची दोरी जमिनीवर अंथरून तिची रेषा केली होती. फिंटनला धरायला संजयने मराठी मंडळातली माणसं गोळा केली. बँकेत काम करणारे, डेटाबेस सांभाळणारे, हाउन्सलोहून एवढ्या लांब येणारा एक तर व्हेजिटेरियन आणि दमेकरी. अप्पांनी शिट्टी वाजवली की ही सगळी मंडळी फिंटनच्या पायांना, कंबरेला लोंबकळत आणि तो 'कबड्डी, कबड्डी' पुटपुटत सगळ्यांना घेऊन दोरीकडे सरकत जाई. मग ढीग. ढिगातून एक लांब हात निघे, दोरीवर थापटी मारे, आणि अप्पा मफलर फेकून "गडी बाद, गडी बाद!" म्हणून नाचत. मिसेस पामर एकदा रस्ता ओलांडून आल्या आणि फाटकातून काळजीने विचारलं, "इज एव्हरीथिंग ऑल राइट?" सगळ्यात खालून उत्तर आलं, "ग्रँड, मिसेस पामर!"

त्याच्या तो दम इतका अंगवळणी पडला की स्क्रममध्येही तो कबड्डी पुटपुटायला लागला. एका मॅचनंतर समोरच्या प्रॉपने येऊन त्याला विचारलं, ही आयरिश प्रार्थना कुठल्या संताची? फिंटनने सांगितलं, सेंट अप्पा.

मग जानेवारीत एक दिवस तो चहाला आला आणि थालीपीठ एकच खाल्लं. मी दुसरं वाढायला गेले तर म्हणाला, "नेक इज बँजॅक्स्ड." मानेची वाट लागली. क्लबच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, हा सीझन शेवटचा, आणि तोही जपून, शेवटची काही मिनिटं तेवढी. "मॅमला मी सांगितलंय की कंटाळा आला म्हणून सोडतोय. मानेचं बोलायचं नाही हां." "आणि तू? तू कसा आहेस?" मी विचारलं. "आह, ग्रँड," तो म्हणाला. मी विषय बदलला.

आता मोजकेच सामने उरले होते. त्यातल्या एकाला आम्ही सगळे गेलो. फिंटन शेवटी शेवटी मैदानात आला, आणि रेषेजवळच्या धुमश्चक्रीत चेंडू चक्क त्याच्याकडे आला. अंगावर पाच-सहा जण पडले. "हात सोड, लेका!" अप्पा बाकावर उभे. आणि ढिगाच्या खालून तो हात निघाला. काय लांबला! अंगणात कधी लांबला नव्हता इतका. रेषेवर खाडकन थापटी पडली. अप्पांनी मफलर हवेत उडवला, आमची सगळी रांग किंचाळली, फिंटन ढिगातून उठून दोन्ही हात वर करणार, तेवढ्यात त्याला जाणवलं की एकच हात वर होतोय. दुसऱ्या हाताने चेंडू पोटाशी गच्च धरलेला होता. रेषेला लागला होता तो रिकामा हात. कबड्डीत तेवढं पुरतं. रग्बीत चेंडू टेकवावा लागतो, हे आमच्यापैकी कोणीच इतके रविवार त्याला सांगितलं नव्हतं आणि तो स्वतः, दहा वर्षं हाच खेळ खेळून, विसरला होता!

हजारो लोक हसले. रेफरीसुद्धा हसला. ते दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. अप्पा रात्री जेवायला बसेनात. "मी पोराचं वाटोळं केलं," एवढंच म्हणत होते. फिंटन आला, अप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसला. फोन वाजला. "डिड यू स्कोअर, फिंटन?" "नियरली, मॅम," तो म्हणाला, आणि अप्पांकडे बघून त्याला जे हसू फुटलं ते थांबेना. मग अप्पाही हसले. दोघांनी मिळून पातेलंभर वरणभात संपवला.

मार्चमध्ये व्हिसा संपला आणि अप्पा परत गेले. जाताना विमानतळावर फिंटनचा हात हातात घेऊन म्हणाले, "पैलवान. हँड लाँग. बट बॉल इन हँड." फिंटनने मान डोलवली. म्हणजे खांदे डोलवले.

शेवटची मॅच मे महिन्यात. आदल्या दिवशी फिंटन माझ्याकडे आला. "तू मॅमला फोन लावशील? ती बघणार नाहीच. तुझ्याकडून ऐकेल." मॅम मला ओळखत होती, फिंटन चहा पीत असताना ती कधीकधी मला फोनवर घेऊन चुलीवर काय आहे विचारत असे. आणि इस्लामपूरहून अप्पांचं बजावणं होतं, की कॉमेंट्री पाहिजेच. तेव्हा स्टँडमध्ये मी अशी बसले होते की डाव्या कानाला फिंटनने माझ्याकडे देऊन ठेवलेला त्याचा मोबाइल, त्यावर टिपररी, आणि उजव्या कानाला माझा, त्यावर इस्लामपूर. संजय दोन्ही हातांनी माझी कोपरं धरून बसला होता.

शेवटची मिनिटं आली आणि फिंटन मैदानात उतरला. माझी भाषांची सरमिसळ तिथेच सुरू झाली. "अप्पा, ही इज ऑन! मॅम, आला हो, आला!" दोघांनीही तक्रार केली नाही. स्क्रम झाला, फिंटनने समोरच्याला दोन पावलं मागे रेटलं. चेंडू बाहेर निघाला, या हातातून त्या हातात, आणि रेषेपासून हातभरावर फिंटनकडे. माझ्या तोंडून नुसतंच "आई गं" निघालं, दोन्ही फोनवर. ढीग पडला. आणि ढिगाच्या खालून तो हात बाहेर आला. या वेळी त्यात चेंडू होता.

रेफरीला चेंडू टेकलेला नीट दिसला नव्हता. त्याने हाताने चौकोन काढून टीव्हीवरच्या पंचाला विचारलं. सगळं स्टेडियम मोठ्या पडद्याकडे बघायला लागलं.

"लागली का रेषा?" उजव्या कानात अप्पा ओरडत होते. "सूनबाई! बॉल व्हता का हातात?"

"ते बघतायत अजून, अप्पा! मॅम, दे आर चेकिंग. त्याने ट्राय केलाय बहुतेक, मॅम!"

डाव्या कानात मॅम म्हणाली, "नेव्हर माइंड दॅट, लव्ह. इज ही अप?"

"सॉरी?"

"इज ही अप? उठला का तो?"

मी पडद्यावरची नजर काढली आणि मैदानाकडे बघितलं. ढिगातले एकेक जण उठत होते. सगळे उठले. फिंटन तसाच पालथा होता, हात लांब, चेंडूवर. इतकी वर्षं ही बाई स्कोअर विचारत नव्हती. मुलगा फोन उचलतोय ना, बोलतोय ना, एवढंच तिला हवं होतं. आणि ते सरळ विचारलं तर तो ग्रँड म्हणेल हे तिला माझ्याआधी माहीत होतं. मानेचंही तिला माहीत असणार. आईला कळत नाही असं कुठे असतं?

फिंटनचा एक गुडघा हलला. मग दुसरा. मग तो खांबासारखा सरळ उभा राहिला, एका कानातून रक्त, आणि आमच्या स्टँडकडे बघून हातातला चेंडू दाखवला.

"ही इज अप!" मी ओरडले. "मॅम, उठला!"

"गुड मॅन," ती म्हणाली. मोठा उसासा ऐकू आला, आणि तिने फोन ठेवून दिला. ट्राय द्यायचा की नाही ते अजून ठरायचं होतं. रेफरीने शिट्टी वाजवून हात वर केला, तेव्हा तो जल्लोष ऐकायला फोनवर एकटे अप्पा होते. ते काय बोलत होते मला कळलं नाही, कारण त्यांच्यामागे शेजारीपाजारी टाळ्या वाजवत होते. संजय रडत होता. मी रडत होते. पुढे बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. फिंटनचा क्लब मॅच हरला, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. फिंटन उभा राहिला. "डिड यू स्कोअर, फिंटन?"

"आय डिड, मॅम."

"आह, लव्हली. जेवलास का?"

जूनमध्ये तो कायमचा टिपररीला निघाला. सामान भाड्याच्या व्हॅनमध्ये भरून झालं आणि व्हॅन सुरूच होईना. संजयने मंडळाची कबड्डी टीम बोलावली. फिंटनला रेटायची डॉक्टरांनी मनाई केलेली, म्हणून तो ड्रायव्हरच्या जागी. मंडळी यायची होती तोवर आम्ही दोघं फुटपाथवर चहा पीत उभे होतो. "गंमत आहे," तो म्हणाला, "एवढी वर्षं ज्या येससाठी थांबलो, त्यावर मॅम लव्हली म्हणाली आणि जेवण विचारलं. मॅचच्या वेळी फोनवर तुला काय म्हणाली गं?"

मी सांगितलं. ट्रायचं राहू दे म्हणाली. तू उठलास का, एवढंच विचारलं. आणि तू उठल्यावर फोन ठेवून दिला.

फिंटन ग्रँडसुद्धा म्हणाला नाही. चहा संपवून कप माझ्या हातात दिला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

सगळे मागे वाकून उभे राहिले. हाउन्सलोचा दमेकरी उजव्या टोकाला. कोणी हलेना. "फिंटन," संजय खालून ओरडला, "यू हॅव टू कॉल इट!"

खिडकीतून त्याचं हसणं ऐकू आलं. मग खर्जातला आवाज: "क्राउच. टच. पॉज. एंगेज!" मंडळींनी असा रेटा दिला की व्हॅन एका झटक्यात सुरू होऊन पुढे निघाली, आणि आधार गेल्यामुळे सगळेच्या सगळे एकमेकांवर पडले. रस्त्याच्या मधोमध ढीग. मिसेस पामर दारात आल्या. "इज एव्हरीथिंग ऑल राइट?"

"ग्रँड, मिसेस पामर!" सगळ्यात खालून संजय.

व्हॅन कोपऱ्यावर थांबली. फिंटनने खांद्यांपर्यंत बाहेर येऊन मागे बघितलं. "आर ये अप?" तो ओरडला. "सगळे उठलात का?"

एकेक जण हात वर करत उठायला लागला. तो तसाच खिडकीतून बघत राहिला. शेवटी संजय उठला, तेव्हा कुठे व्हॅन वळली.